राजनांदगावच्या वाटेवर : रेव्हरंड नारायण वामन टिळक

भिलाईहून नागपूरकडे जाणारी गाडी दुर्ग ओलांडते आणि थोड्याच वेळात राजनांदगाव येते. या मार्गाने आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे वर्षानुवर्षे जा-ये करीत आली आहेत. कुणी दिवाळीला गावी निघालेले असते, कुणी लग्नकार्याला, कुणी मुलांच्या शिक्षणासाठी. राजनांदगाव म्हटले की साहित्यप्रेमी माणसाला गजानन माधव मुक्तिबोध आठवतात. मराठी घरात जन्मलेल्या या थोर हिंदी कवीने आयुष्याची अखेरची वर्षे तेथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करण्यात घालविली. परंतु मुक्तिबोध तेथे येण्यापूर्वी सुमारे पासष्ट वर्षे, १८९३ च्या सुमारास, आणखी एक मराठी कवी नागपूरहून याच लोहमार्गाने राजनांदगावला निघाला होता. त्या प्रवासात त्याच्या आयुष्याला जे वळण लागले, त्याचा परिणाम पुढे मराठी कवितेवर झाला, मराठी ख्रिस्ती समाजावर झाला आणि एका स्त्रीच्या लेखणीतून मराठी गद्यावरही झाला. तो कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या अनेकांनी टिळकांची कविता पाठ केलेली आहे. बाणाने घायाळ झालेली पक्षीण पिलांच्या ओढीने घरट्याकडे झेपावते, ते ‘केवढे हे क्रौर्य’ वाचताना ज्यांचे डोळे पाणावले नाहीत असे विद्यार्थी विरळाच. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. मात्र इतके कोमल लिहिणारा हा माणूस आयुष्याची पहिली तीस-बत्तीस वर्षे अतिशय अस्वस्थ, संतापी आणि भरकटलेला होता, हे पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींच्या कविपरिचयावरून कळत नाही.

नारायणाचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या करजगावी झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव कठोर, मुलांना त्यांचा धाक फार. आई जानकीबाई मात्र मनाने हळवी, धार्मिक आणि काव्याची आवड असलेली. मुलाच्या ठायी कवितेचे बीज रुजले ते आईमुळे. कल्याणला प्राथमिक शिक्षण चालू असताना, नारायण अकरा-बारा वर्षांचा असतानाच ही आई गेली. वडिलांविषयी मनात अढी बसलेलीच होती. आता घरात धरून ठेवणारे कोणी राहिले नाही. ज्या वयात आजची मुले पाचवी-सहावीच्या वर्गात बसतात, त्या वयात हा मुलगा घर सोडून नाशिकला आला.

नाशिकला त्याला गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे गुरू लाभले. त्यांच्यापाशी त्याने संस्कृत आणि मराठी काव्याचे अध्ययन केले. त्यानंतर दोन वर्षे शाळेत जाऊन इंग्रजीही शिकला. बुद्धी तीव्र, स्मरण दांडगे, वाणी ओघवती. उभ्या उभ्या श्लोक रचण्याचे कसब अंगी होते. परिस्थितीमुळे औपचारिक शिक्षण मात्र तेथेच थांबले. विद्वत्ता होती पण पदवी नव्हती, गुण होते पण आधार नव्हता. अशा स्थितीत वयाच्या अठराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही अकरा-बारा वर्षांची मुलगी सासरी येऊन लक्ष्मी झाली. पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने ती मराठी साहित्यात अजरामर व्हायची होती. त्या वेळी मात्र तिला अक्षरओळखही नीटशी नव्हती.

टिळकांचा संसार सुरू झाला खरा, पण तो एका जागी स्थिरावेना. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात खिळे जुळविणारे कामगार, अशी कामे त्यांनी धरली आणि सोडली. वरिष्ठांशी खटका उडाला की नोकरी सुटे. मनात एखादी लहर आली की घरी न सांगता ते निघून जात आणि कित्येक दिवस त्यांचा ठावठिकाणा लागत नसे. हाती आलेला पैसा घरी पोहोचेलच याचा भरवसा नव्हता. वाटेत कोणी गरजू भेटला की त्याच्या हातावर तो ठेवून ते मोकळे होत. औदार्य खरे, परंतु त्याची किंमत चुलीपाशी बसलेल्या पत्नीला मोजावी लागे. राग तर इतका अनावर की क्षणात भडका उडे आणि क्षणात पश्चात्ताप होई. त्या रागाची झळ सर्वांत अधिक लक्ष्मीबाईंनाच बसे. पोटची मुले लहानपणीच दगावल्याचे दुःख या दोघांच्या वाट्याला आले. लक्ष्मीबाईंनी हे सारे पुढे ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे आणि तेही कोणतीही कटुता न बाळगता.

ही अस्वस्थता केवळ स्वभावदोषाची नव्हती, तिच्या तळाशी काही प्रश्न होते. आपल्या समाजाची दुर्दशा टिळकांना छळत होती. जातीजातींमधील दुरावा, स्त्रियांची स्थिती, रूढींचा जाच पाहून देशाचे भले कशाने होईल याचा ते ध्यास घेत. शास्त्रे वाचून, वादविवाद करून, प्रवचने देऊनही मनाची तहान भागत नव्हती. ईश्वर हा सर्वांचा पिता आणि माणसे ही एकमेकांची भावंडे, अशा पायावर एखादा नवाच धर्म स्थापन करावा, इथवर त्यांच्या विचारांची मजल गेली होती. परंतु असा धर्म मनात रेखाटणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात शांतपणे नांदता येत नव्हते, ही विसंगती त्यांनाही बोचत असली पाहिजे.

१८९१ च्या सुमारास नागपूरला त्यांना जरा बरे दिवस आले. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. ‘ऋषि’ नावाच्या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. विद्वानांत नाव होऊ लागले. तरीही पाय एका ठिकाणी ठरेना. नागपूरचे काम सुटले आणि राजनांदगाव संस्थानात नोकरीचा योग आला.

त्या काळी राजनांदगाव हे बैरागी महंतांच्या घराण्याचे छोटे संस्थान होते. नागपूरहून तेथवर रेल्वे येऊन दहा-बारा वर्षे झाली होती. भिलाई तेव्हा एक लहानसे खेडे होते. तेथे पोलादाच्या भट्ट्या पेटायला आणखी साठ-पासष्ट वर्षे अवकाश होता. अशा त्या काळात नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या गाडीच्या डब्यात टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. गाडीत गोऱ्या माणसाकडून देशी माणसाला तुसडी वागणूक मिळण्याचे ते दिवस. हे गृहस्थ मात्र सौजन्याने वागले. संस्कृत काव्याविषयी बोलणे निघाले, कवितेवरून गोष्ट धर्मावर गेली. निरोप घेताना त्यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत खुळेपणाचे वाटले. परंतु दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी ग्रंथ उघडला.

वाचताना महत्त्वाच्या जागी खूण करण्याची त्यांची सवय होती. आरंभीची पाने उलटताना त्यांना खूण करण्याजोगे फारसे काही आढळले नाही. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन आले. शत्रूवर प्रीती करावी, रागाला मनातच आवरावे, दुसऱ्याचे दोष काढण्याआधी स्वतःकडे पाहावे, दान गाजावाजा न करता द्यावे, उद्याची चिंता देवावर सोपवावी, ही शिकवण वाचताना पुस्तक त्यांच्या हातातून खाली ठेववेना. राजनांदगावच्या त्या मुक्कामात त्यांच्या मनातील कित्येक प्रश्नांना उत्तरे मिळत गेली. उत्तरांबरोबरच आणखी एक गोष्ट घडली. आजवर ते समाजाचे दोष पाहत आले होते. या प्रवचनाने त्यांना स्वतःच्या रागासमोर उभे केले. क्रोध हा हिंसेचाच सहोदर आहे, ही शिकवण संतापी माणसाला टोचल्यावाचून राहत नाही.

मन वळले तरी पाऊल उचलणे सोपे नव्हते. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा पंडित, नावारूपाला येत असलेला कवी. अशा माणसाने ख्रिस्ती होणे म्हणजे त्या काळात जिवंतपणी मरणे होते. घर, गोत, गाव, उपजीविका, सारे तुटायचे. दोन वर्षे ते या ओढाताणीत राहिले. ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार झाला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांच्याशी संबंध आला. संतवाङ्मयाचे जे पुढे मोठे अभ्यासक ठरले, तेच हे अॅबट. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, टिळकांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा रेव्हरंड तुकाराम नाथोजी या मराठी धर्मगुरूंच्या हस्ते व्हावा, याला अर्थ होता. परक्याच्या नव्हे, आपल्याच माणसाच्या हातून टिळक नव्या धर्मात प्रविष्ट झाले.

येथवरची कथा सांगून थांबले, तर ती सुखान्त वाटेल. परंतु टिळकांना जी वाट सापडली, तिच्यामुळे लक्ष्मीबाईंच्या पायाखालची वाट नाहीशी झाली, हेही सांगितले पाहिजे. बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या पतीजवळ नव्हत्या. बातमी कानी आली आणि त्यांच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत आहे, पण आपण ना सधवा ना विधवा, अशी अवस्था झाली. शोकाने त्यांची शुद्ध हरपायची पाळी आली. पदरी लहानगा दत्तू. अशा वेळी पंढरपूरला बहीण भिकूताई यांनी त्यांना आसरा दिला. ज्या धर्माने पतीला शांती दिली, त्याच धर्माने त्यांचे घर मोडले, असेच तेव्हा त्यांना वाटले असल्यास नवल नाही. श्रद्धेने एका माणसाचे आयुष्य बदलते तेव्हा त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्न त्यांच्या त्या वर्षांकडे पाहिल्यावाचून सुटत नाही.

आणि टिळक खरोखर किती बदलले, याची परीक्षाही याच वर्षांत झाली. व्याख्यानात प्रेमाचा महिमा गाणे सोपे असते. येथे प्रश्न होता तो दुरावलेल्या पत्नीचा. १८६६ च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या माणसाला, जोडीदार येण्यास तयार नसल्यास, पूर्वीचा विवाह न्यायालयातून मोडून घेऊन पुन्हा लग्न करण्याची मुभा होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. पूर्वी किरकोळ कारणाने घर सोडून जाणारा हा माणूस आता घर पुन्हा उभे राहावे म्हणून वाट पाहत राहिला. पत्रे लिहीत राहिला, पत्नीसाठी कविता रचीत राहिला. नातलगांचे कठोर शब्द त्यांनी सोसले. आपल्या नव्या श्रद्धेचा आग्रह धरून पत्नीला बळे ओढून आणण्याचा विचार त्यांनी केला नाही.

सुमारे साडेचार वर्षे अशी गेली. मग लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला पतीकडे आल्या. पण त्या हिंदू म्हणून आल्या, स्वतःचे सोवळेओवळे घेऊन आल्या. टिळकांनी त्याला मान दिला. त्यांना आपले आचार पाळता यावेत अशी व्यवस्था झाली. एकाच कुटुंबात दोन धर्म, दोन पाणवठे, दोन चुली. एके काळी जेवणाला उशीर झाला तरी संतापाने लाल होणाऱ्या माणसाने हे सारे धीराने सांभाळावे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना नवल वाटण्याजोगेच होते.

लक्ष्मीबाईंचे मन पुढे बदलले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. त्या स्वतः विचार करीत गेल्या. देवाने माणूस निर्माण केला, जाती मात्र माणसाने केल्या, हे त्यांना एके दिवशी लख्ख उमगले आणि दुसऱ्याच्या हातचे पाणी न पिण्याचा त्यांचा नेम तेथेच गळून पडला. विटाळ गेल्यावर मग श्रद्धेचा प्रश्न आला. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागून यायला त्यांना पाच वर्षे लागली, पण त्या आल्या स्वतःच्या पायांनी. त्यांच्या श्रद्धेला जे बळ पुढे आले, त्याचे मूळ या स्वातंत्र्यात आहे.

टिळकांचे नगरचे घर हळूहळू सर्वांचे घर झाले. तो काळ प्लेगचा आणि दुष्काळाचा. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात निराधार झालेली मुले या घरात आली, जेवली, वाढली. टिळकांचे औदार्य पूर्वीचेच होते. फरक इतका की आता त्याला घराचे भान आले होते आणि लक्ष्मीबाई त्यात मनापासून सहभागी होत्या. पूर्वी पतीने परस्पर दिलेल्या पैशांमुळे ज्यांची चूल विझत असे, त्याच आता स्वतः पुढे होऊन परक्या लेकरांना आपल्या ताटातले वाढीत होत्या.

याच घरात पुढे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक कोवळा, मनस्वी तरुण राहिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला बालकवी ही पदवी मिळाली, तोच हा मुलगा. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली, टिळकांनी त्याच्या कवितेला प्रेमाचे खतपाणी घातले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्या घरातील त्यांचे स्थान त्यामुळे तसूभरही उणे झाले नाही. टिळकांच्या धर्माची खरी ओळख अशा प्रसंगांतून पटते. १९१८ साली बालकवींना रेल्वे अपघातात मृत्यू आला, तेव्हा या दांपत्याला मुलगा गेल्यासारखेच दुःख झाले असणार.

टिळकांची काव्यप्रतिभा बाप्तिस्म्यानंतर अधिकच बहरली. मुले, फुले, पाखरे, घरसंसार, पत्नीचे प्रेम, बापाचे दुःख हे विषय मराठी कवितेत त्यांनी सहजपणे आणले. पूर्वीच्या पंडिती थाटाची जागा साध्या, घरगुती बोलण्याने घेतली. केशवसुतांच्या बरोबरीने आधुनिक मराठी कवितेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. आणि ख्रिस्ती उपासनेसाठी त्यांनी जी भजने व अभंग रचले, ते आजही महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी चर्चमधून गायिले जातात. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी टाळमृदंगाच्या साथीने म्हणता येतील अशी पदे आली. ख्रिस्ती कीर्तनाला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली.

कारण टिळकांनी ख्रिस्ताला जवळ केले, पण मराठीपण टाकले नाही. ज्ञानोबा-तुकोबांची वाणी ही आपली वडिलोपार्जित ठेव आहे, अशी त्यांची धारणा होती. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणून पोहोचविले, असे ते मानीत. धर्म बदलला म्हणजे देश, भाषा, वेष आणि पूर्वज बदलले पाहिजेत, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. परदेशी मिशनऱ्यांचे गुण त्यांनी मानले, तशीच त्यांच्या ठायी दिसणारी मालकीची वृत्तीही परखडपणे दाखवून दिली. मिशनचे सेवक असूनही देशाच्या स्वाभिमानाशी त्यांनी तडजोड केली नाही.

१९०४ साली त्यांची धर्मगुरू म्हणून दीक्षा झाली. नगरच्या धर्मशिक्षणाच्या संस्थेत त्यांनी अध्यापन केले. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ या जुन्या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. येशू ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध महाकाव्यात गावे, या हेतूने १९०९ च्या सुमारास ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले. महाराष्ट्रात पोथ्यांची परंपरा मोठी. त्याच परंपरेत हा ग्रंथ बसावा अशी त्यांची इच्छा होती.

पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या मनाने पुन्हा उचल खाल्ली. या वेळची अस्वस्थता मात्र निराळी होती. पगार घेऊन केलेल्या धर्मसेवेत काहीतरी उणे राहते, असे त्यांना वाटू लागले. १९१७ साली त्यांनी मिशनची वेतनी नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने जगण्याचे ठरविले. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ या नावाने त्यांनी एका बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून सारखेच स्थान होते. चर्चच्या चौकटीत वावरणाऱ्यांना ही कल्पना धाडसाची वाटली. वीस-बावीस वर्षांपूर्वी बाप्तिस्म्यासाठी सर्वस्व सोडणाऱ्या माणसाने ती मांडली, हे तिचे वैशिष्ट्य. जी श्रद्धा आपल्याला माणसांजवळ घेऊन आली, तिने पुन्हा माणसामाणसांत भिंत उभी करू नये, ही त्यामागची तळमळ होती.

तरुणपणी टिळक घर सोडून जात, तेव्हा ते स्वतःपासूनच पळत असत. उतारवयात त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा कशासाठी सोडतो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. धग तीच होती. राग पूर्णपणे गेला, असेही म्हणता येणार नाही; लक्ष्मीबाईंच्या आठवणींतले टिळक अखेरपर्यंत तापट, लहरी आणि भोळेच आहेत. श्रद्धेने त्यांना दुसराच कोणी माणूस बनविले नाही. पावसाळ्यात शिवनाथ नदी काठ फोडून वाहू लागली तर पिके बुडतात आणि तेच पाणी बंधाऱ्याने अडवून पाटाने शेतात नेले तर भाताचे पीक उभे राहते. टिळकांच्या स्वभावाचे काहीसे तसे झाले.

देवाचा दरबार रुजण्यास काळ मिळाला नाही. प्रकृती ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी टिळकांचे देहावसान झाले. आपल्या देहाचे दहन व्हावे, ही त्यांची इच्छा होती आणि त्याप्रमाणे ते झाले. त्यांच्या अस्थी नगरला विसावल्या. ख्रिस्ती धर्मगुरूचा अंत्यविधी या भूमीच्या जुन्या रीतीने व्हावा, यात त्यांच्या आयुष्याचे दोन्ही धागे एकत्र गुंफले गेले.

‘ख्रिस्तायन’चे थोडेच अध्याय टिळकांच्या हातून पूर्ण झाले होते. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्यांना लग्नाच्या वेळी धड वाचताही येत नव्हते, ज्यांनी एके काळी पतीच्या धर्मांतराने आपला सर्वनाश झाला असे मानून आक्रोश केला होता, त्यांनीच त्या महाकाव्याचे बहुतेक अध्याय रचले. मग १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. मराठीतील सर्वश्रेष्ठ आत्मकथनांत त्या ग्रंथाचे स्थान आज अढळ आहे. पतीच्या रागाचे, भाबडेपणाचे, त्यांनी दिलेल्या दुःखाचे वर्णन त्या हसत हसत करतात. त्यांच्या लेखनात तक्रार नाही आणि भाबडी स्तुतीही नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. टिळकांच्या परिवर्तनाची साक्ष कोणाची घ्यावी, असा प्रश्न आला तर ती याच बाईंची घ्यावी लागेल. कारण माणूस सभेत कसा दिसतो हे जग पाहते, घरात कसा वागतो हे घरच्यांनाच ठाऊक असते.

धर्म कोणता स्वीकारावा हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. भिलाईसारख्या नगरीत, जेथे देशाच्या सर्व प्रांतांतून सर्व धर्मांची माणसे एका कारखान्याच्या भोंग्यावर उठली आणि एका वसाहतीत नांदली, तेथे हे वेगळे सांगावयास नको. टिळकांच्या चरित्रातून घ्यावयाचे आहे ते वेगळेच. प्रत्येक शाळेच्या प्रत्येक पिढीत एखादा तरी नारायण असतो. हुशार पण चिडका, वर्गात न रमणारा, न सांगता निघून जाणारा, घरच्या कठोरपणाने किंवा आईच्या वियोगाने आतून दुखावलेला. त्याच्याविषयी निर्णय देण्याची घाई आपण सारेच करतो. टिळकांना वयाच्या एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षापर्यंत वाट सापडली नव्हती. त्या वयात त्यांचे मूल्यमापन कोणी केले असते, तर तो शेरा काही बरा नसता.

त्यांना वाट सापडली ती एका अनोळखी प्रवाशाच्या सौजन्यामुळे, एका पुस्तकामुळे, आणि नंतर वर्षानुवर्षे स्वतःशी केलेल्या झगड्यामुळे. तिला सोबत मिळाली ती एका पत्नीच्या सोसण्याची. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी नागपूरच्या गाडीत बसून राजनांदगाव ओलांडताना खिडकीबाहेर क्षणभर पाहावे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी येथे एक संतापी माणूस मांडीवर लहानसे पुस्तक घेऊन बसला होता आणि बाजूला खूण करण्यासाठी हातात घेतलेले त्याचे टाक थबकले होते.